रांगेतला शेवटचा माणूस

नेरेइदा सोकारासला सिनेमातून काढायचं घाटतंय, हे रंगभूषा करणाऱ्या बाईला बुधवारी सकाळी कळलं, दिवेवाल्यांना बुधवारी संध्याकाळी, आणि खुद्द नेरेइदाला गुरुवारी दुपारी, ऑम्लेट घातलेला पाव खात असताना. सांगायला निर्माता स्वतः आला, हे त्यातल्या त्यात बरं. हेरार्दो हा मेक्सिकोचा गृहस्थ, बोलायला मऊ. आपल्याला तिच्याबद्दल केवढा आदर आहे हे त्याने आधी तीनदा सांगितलं, तेव्हाच नेरेइदाने ओळखलं की घाव मोठा आहे.

म्हणणं एवढंच होतं की पडद्यावर तिचा चेहरा हलत नाही. आठवडाभराचं काम बघून मेक्सिकोची मंडळी नाराज आहेत. शनिवारी ओळख पटण्याचा सीन आहे, तोच सिनेमाचा कणा. तो उभा राहिला तर उत्तम. नाही तर सोमवारी मेक्सिकोहून दुसरी नटी येईल, तिच्याशी बोलणं झालेलं आहे.

नेरेइदाने हातातला पाव संपवला, बोटं पुसली आणि म्हणाली, "तिला सुती कपडे आणायला सांगा. ऑगस्टातली हवाना आहे."

हेरार्दोला वाटलं, बाई खचली नाही म्हणजे तिला नीट कळलेलं नाही. तिला चांगलं कळलं होतं. छप्पन्न वर्षांची होती ती. चौतीस वर्षं रंगभूमीवर आणि रेडिओवर घासली होती, आणि सिनेमाची नायिका आयुष्यात पहिल्यांदा झाली होती. हा सिनेमा हातचा गेला तर दुसरा येणार नाही, हे सांगायला तिला ज्योतिषी नको होता. पण आपल्याला काम येतं याबद्दल तिला कधीच शंका नव्हती, आणि ती आता एका मेक्सिकोवाल्याच्या सांगण्यावरून घेण्याचं काही कारण तिला दिसेना.

सिनेमाचं नाव 'रेग्लाची विधवा'; रेग्ला ही हवानातलीच बंदराकाठची वस्ती. दिग्ना नावाची बाई गुप्तहेर खात्यात सांकेतिक निरोप उलगडायचं काम करत असते. तिच्या नवऱ्याला त्याचाच सहकारी ओक्तावियो शत्रूला विकतो आणि पसार होतो. वीस वर्षांनी तोच माणूस नवं नाव, नवा चेहरा घेऊन हवानात परततो. वरचे अधिकारी म्हणतात, बाई, तुमचा भ्रम आहे. मग ही विधवा एकटीच त्याच्या मागावर निघते. नवऱ्याचा सूड हा जुनाच मामला, पण दिग्नाचं पात्र झकास लिहिलं होतं. शनिवारच्या सीनमध्ये ती पावाच्या दुकानासमोर उभी असते, ओक्तावियो येतो, हात वर करतो, बाही घसरते आणि मनगटावरचा भाजल्याचा जुना डाग दिसतो. दिग्ना दचकते, श्वास अडकतो, हातातली पिशवी पडते. नेरेइदाला हे वाचतानाच हसू आलं होतं. उभं आयुष्य हेरगिरीत काढलेली बाई पिशवी पाडेल होय?

आणि ओक्तावियो कोण, तर एवेलिओ रोदिलेस. त्याच्या नावावरच सिनेमाला मेक्सिकोचा पैसा मिळाला होता.

या एवेलिओला नेरेइदा बावीस वर्षं पाण्यात पाहत होती. दोघं एकाच नाटकमंडळीतली. आठ जणांची मंडळी, सगळी भुकेली आणि सगळी गुणी. मेक्सिकोत ग्वादालाहाराच्या महोत्सवाला गेले, टाळ्या घेतल्या, आणि परतीच्या सकाळी बस हॉटेलसमोर उभी राहिली तेव्हा सात जण खाली आले. आठवा आलाच नाही. पुढे तो मेक्सिकोतच राहिला, मालिकांत शिरला. तिकडे क्यूबाचा डॉक्टर हवा असला, क्यूबाचा चोर हवा असला, की एवेलिओ. इकडे उरलेल्या सात जणांना बोगोताचं आमंत्रण आलं, लिमाचं आलं, आणि दोन्ही आल्या पावली परत गेली. नाही असं कोणी म्हटलं नाही, फक्त एक जण पळालेल्या मंडळीचे परदेशी जायचे कागद सरकारी टेबलावरून हलले नाहीत. तीन वर्षांत मंडळीला कुलूप लागलं. एक जण टॅक्सी चालवायला लागला, एक बहिणीकडे सांतियागोला निघून गेली. नेरेइदा रेडिओवर गेली आणि दुपारच्या मालिकेत अकरा वर्षं रडली.

पहिल्या दिवशी एवेलिओ सेटवर आला, तिच्या गालाला गाल लावला आणि म्हणाला, "कशी आहेस, नेरे?" जसा काही कोपऱ्यावरून कॉफी घेऊन आला होता. ती म्हणाली, "छान." तो जो राग तिने त्या क्षणी दाबला, तो आठवडाभर दाबूनच ठेवला होता. झाकण उघडलं तर काय उतू जाईल याचा भरवसा नव्हता. चेहरा हलत नव्हता तो त्यामुळे. हेरार्दोला हे कुठून कळणार?

शुक्रवारी सकाळी ती सेटवर लवकर पोचली. पावाच्या दुकानासमोरच्या पायरीवर बसून थर्मासमधली कॉफी ओतून घेत होती, तेवढ्यात एवेलिओ आला. त्याला पायी यायची हौस होती. डोक्यावर जुनी टोपी, पायात चपला, आपण अजून याच गल्लीतले आहोत हे दाखवायची धडपड. दुकानाच्या खिडकीशी एक बाई उभी होती. तो जाऊन तिच्या मागे उभा राहिला. ताठ, विमानतळावर उभं राहावं तसा.

आता हवानात रांग अशी डोळ्यांना दिसत नाही. ती माणसांच्या डोक्यात असते. आलेला माणूस विचारतो, "शेवटचं कोण?" जो असेल तो हात वर करतो, आपल्यापुढे कोण आहे तेही सांगतो, आणि मग दोघंही मिळेल त्या सावलीत जाऊन बसतात. पोर बोलायला लागलं की हे शिकतं. एवेलिओने विचारलं नाही. मागून एक म्हातारा आला, त्याने विचारलं, भिंतीवर बसलेल्या एकीने हात वर केला. मग दोन पोरी आल्या, मग एक पोस्टमन. सगळ्यांनी विचारलं, बसले, पाव घेतला आणि गेले. एवेलिओ तिथेच. लोक किती उद्धट झालेत, असं त्याच्या पाठीवर लिहिलेलं नेरेइदाला रस्त्यापलीकडून वाचता येत होतं. शेवटी विकणाऱ्या बाईलाच दया आली.

नेरेइदा हसली नाही. तिने कॉफी प्यायली आणि दिग्दर्शकाला शोधायला निघाली.

योआंद्री तेहतीस वर्षांचा, आणि बाराव्या वर्षी तिच्याच नाट्यवर्गात शिकलेला. अजून तो तिला बाईच म्हणायचा. तिला वाचवण्यासाठी तो हेरार्दोशी दोनदा भांडला होता आणि दोनदा हरला होता. तिने त्याला सांगितलं की उद्या तिला रांगेत आधीपासून उभं राहायचं नाही. एवेलिओ आधी उभा असू दे, ती नंतर येईल.

"येऊन काय कराल?"

"जे कोणीही विचारेल ते विचारीन."

योआंद्रीने डोकं खाजवलं. "तो हात वर करील आणि म्हणेल, मी."

"मग तुझा डाग दिसेलच की. तुझं काय गेलं?"

"बाई, तुम्ही काहीतरी शिजवताय."

"उद्या वाढते."

त्या संध्याकाळी इस्त्री करताना तिचं मन तिला थोडं टोचत राहिलं, नाही असं नाही. वीस-बावीस वर्षं ती पोरांना एकच गोष्ट शिकवत आली होती, की समोरच्या नटाला पडू द्यायचं नाही. तो अडखळला तर वाक्य पुढे करायचं, हात द्यायचा. आणि उद्या ती नेमकं उलट करणार होती, तेही ठरवून. तिने स्वतःला विचारलं, हे कामासाठी करतेस की सुडासाठी? दोन्हीसाठी, असं उत्तर आलं. मग तिने स्कर्टची घडी घातली आणि गाढ झोपली.

शनिवारी दुकानासमोर गल्लीतलीच माणसं गोळा केली होती. त्यांना फक्त सांगितलं होतं की रोजच्यासारखे पावासाठी थांबा. ऐंशी वर्षांची मिर्ता घरून स्वतःचा स्टूल घेऊन आली होती. एवेलिओ ठरल्या जागी उभा राहिला आणि दोनदा बाही मागेपुढे करून पाहिली. हेरार्दो मॉनिटरपुढे बसला. योआंद्रीने इशारा दिला आणि नेरेइदा कोपऱ्यावरून पिशवी हलवत आली. ओळखीच्या गल्लीत बाई येते तशी, इकडेतिकडे बघत.

"शेवटचं कोण?"

सगळ्या माना एवेलिओकडे वळल्या. वळणारच, कारण शेवटचा आलेला तोच. तो आपल्या बाहीच्या इशाऱ्याची वाट बघत होता.

"शेवटचं कोण, विचारतेय मी."

एवेलिओने मागे वळून पाहिलं, जणू त्याच्या मागे कोणी असेल. मिर्ताला राहवेना. बोलायचं नाही असं तिला कोणी सांगितलेलंही नव्हतं.

"अरे राजा, तूच की. हात वर कर."

त्याने हात वर केला. बाही घसरली, रंगवलेला डाग चांगला ठसठशीत दिसला, आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"आणि तुझ्यापुढे कोण?" नेरेइदाने विचारलं.

आता तो पुरता अडकला. आजूबाजूला बारा-पंधरा माणसं. कोणी पायरीवर, कोणी झाडाखाली, कोणी गाडीच्या बॉनेटला टेकून. त्याने जवळ उभ्या असलेल्या टकल्या माणसाकडे बोट दाखवलं.

"मी?" टकला म्हणाला. "मी नुसता उभा आहे. रांगेत माझी बायको आहे."

पोरी फिदीफिदी हसल्या. मिर्ताने स्टुलावरूनच त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तो कुठून आला आहे याचा ती विचार करत होती आणि तसं तिच्या तोंडावर दिसत होतं. एवेलिओच्या कपाळावर घाम आला. कॅमेरा आहे हे तो विसरला, ओक्तावियो विसरला, सिनेमा विसरला. स्वतःच्या गावात, स्वतःच्या गल्लीत पकडला गेलेला माणूस होता तो. त्याने नेरेइदाकडे पाहिलं. ती नजर तिच्या ओळखीची होती. जुन्या दिवसांत रंगमंचावर वाक्य विसरला की तो तिच्याकडे असाच बघायचा, आणि ती दर वेळी त्याला सावरून घ्यायची.

या वेळी तिने सावरलं नाही. ती नुसती बघत राहिली. बावीस वर्षांचं झाकण उघडलं, पण उतू काहीच गेलं नाही. आत सगळं गार आणि स्वच्छ होतं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आधी शेजारणीची सहज चौकशी, मग शंका, मग खात्री, आणि शेवटी एक भयंकर माया. पिशवी हातातच होती.

"उन्हात कशाला उभा राहतोस?" ती हळूच म्हणाली. "सावलीत बस. तुझ्यामागे मी आहे."

आणि जाऊन मिर्ताच्या स्टुलाशेजारी पायरीवर बसली.

योआंद्री 'कट' म्हणायचं विसरला. शेवटी मिर्तानेच विचारलं की आज पाव खरोखर येणार आहे की सगळं नाटकच आहे, तेव्हा कॅमेरा थांबला.

ऑगस्टात बंद असलेल्या एका शाळेच्या वर्गात त्यांचं ऑफिस होतं. तिथे तो टेक सगळ्यांनी पाहिला. हवानाचे जेवढे होते तेवढ्यांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. हेरार्दोच्या गावी रांग म्हणजे एकामागे एक, त्यामुळे नेमकं काय घडलं ते त्याच्या डोक्यावरून गेलं. पण नेरेइदाचा चेहरा त्याला कळला. बघताना आपल्या अंगावर काटा आला, असं त्याने सरळ सांगितलं. हा टेक राहिला तर मेक्सिकोहून कोणी येणार नाही, हेही सांगितलं. फक्त एक अडचण होती. एवेलिओच्या करारात लिहिलं होतं की त्याला नापसंत असलेला एकही टेक सिनेमात जाणार नाही. सगळ्यांनी एवेलिओकडे पाहिलं. त्याने त्यांना बाहेर जायला सांगितलं आणि नेरेइदाला थांबायला.

त्याने टेक आणखी दोनदा पाहिला. ती पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून बसली होती. आता सगळं याच्या एका शब्दावर आलं होतं आणि तिला त्याचीच चीड येत होती. पण विनवणी करायची नाही हे तिने आधीच ठरवलं होतं.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काल दुकानासमोर बसले होते मी."

"मला सांगता आलं असतं."

"आलं असतं."

त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. त्यावर त्याचाच घामेजलेला चेहरा थांबला होता. "बावीस वर्षं मी तिकडे क्यूबाचा माणूस म्हणून मिरवलो, नेरे. कोणी पकडलं नाही. इथे एका पावासाठी पकडला गेलो. उद्या अख्खी हवाना हसेल. ओक्तावियोला नाही, मला."

"हसेल."

"आणि एवढं चांगलं काम मी जन्मात केलेलं नाही. त्यात मी केलं मात्र काहीच नाही." त्याने मॉनिटर बंद केला. "असू दे हा टेक. हेरार्दोला मी सांगतो."

तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. आभार मानावेत असं तिला वाटलं आणि मानवेनात. तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला आणि त्याचा आवाज एकदम उतरला.

"नेरे, त्या दिवशी सकाळी, ग्वादालाहाराला..."

"थांब." तिने हात आडवा केला. "एक शब्द बोलू नकोस. सोमवारी मला तुला गोळी घालायची आहे. हा राग मी बावीस वर्षं सांभाळलाय. दोन दिवसांसाठी नासवू नकोस."

"मग बोलू कधी?"

"मेल्यावर."

सोमवारी रेग्लामधल्या एका इमारतीच्या गच्चीवर शेवटचा सीन लागला. ओक्तावियो कठड्याशी उभा आहे, खाली बंदर आहे, दिग्ना वाळत घातलेल्या चादरींमधून येते आणि भाजीच्या पिशवीतूनच गोळी झाडते. नेरेइदा चादरी बाजूला सारत आली. नवऱ्याचं नाव उच्चारताना तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. गोळी झाडल्यावर ती एवेलिओच्या पडलेल्या देहाकडे इतक्या तिरस्काराने बघत राहिली की दिवे धरणारा गडी एक पाऊल मागे सरला. सगळा साठा तिने त्या एका नजरेत ओतला. योआंद्री 'कट' म्हणाला आणि मॉनिटरकडे धावला. इतर जण त्याच्या मागे गेले.

एवेलिओ बीट आणि साखरेच्या पाकाच्या खोट्या रक्तात तसाच पडून होता.

"मेलो," तो डोळे मिटूनच म्हणाला.

"दिसतंय."

"मग बोलू?"

नेरेइदाने आत चाचपून पाहिलं. राग नव्हता. चुलीवरचं पातेलं खरवडून घ्यावं तसं सगळं रिकामं झालं होतं. ती तापलेल्या गच्चीवर त्याच्याशेजारी बसली.

"बोल."

"मी तिसऱ्या मजल्यावर पडद्याआड उभा होतो. बस चाळीस मिनिटं थांबली. तू दोनदा उतरून वर पाहिलंस." त्याने डोळे उघडले, पण तिच्याकडे पाहिलं नाही. "लोक म्हणतात, त्याला काय कल्पना, मागे राहिलेल्यांचं काय होईल. मला कल्पना होती, नेरे. तुमचं सगळं बंद होणार हे मला तिथे उभ्या उभ्या ठाऊक होतं. तरी खाली आलो नाही. मला क्षमा कर."

नेरेइदाच्या डोळ्यांत पाणी आलं. बावीस वर्षं सगळ्यांनी तिला हेच ऐकवलं होतं की त्याला ठाऊक नसणार, मन मोठं कर. ठाऊक होतं असं कोणीतरी म्हणावं, एवढंच तिला हवं होतं, आणि ते त्यानेच म्हटलं. तिने त्याच्या पाकाने चिकट झालेल्या हातावर हात ठेवला.

"केली," ती म्हणाली.

तेवढ्यात योआंद्री धावत आला. त्याचं तोंड उतरलं होतं. वाऱ्याने चादर उडाली होती आणि ऐन शेवटच्या नजरेवर नेमकी कॅमेऱ्यापुढे आली होती. टेक वाया गेला होता. पुन्हा घ्यायला हवा होता, तोही ऊन उतरायच्या आत. त्याने दोघांकडे पाहिलं, तिचे ओले डोळे पाहिले, हातावरचा हात पाहिला, आणि काय झालं असेल ते ओळखून तो जागच्या जागी खाली बसला.

"बाई," तो म्हणाला, "तो राग उरलाय का थोडा?"

"नाही उरला." नेरेइदाने डोळे पुसले आणि एवेलिओच्या खांद्याचा आधार घेत उठली. "याला धुवा, नवा शर्ट घाला आणि पुन्हा उभा करा. आता अभिनय करीन. तेवढ्यासाठीच तर मला घेतलंय."

तिने पिशवी उचलली आणि चादरींपलीकडे आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.